फेब्रुवारीतलं पिवळं

९ डिसेंबर

हेलेबोरची पानं छाटायला काढली. जुनी सगळी बुडापासून कापायची — डाग पडलेली, न पडलेली, सगळी. दरवर्षी हात अडखळतो. पंजाएवढी हिरवीगार पानं काय म्हणून कापायची? पण ठेवली की त्यांच्यावरचे काळे डाग कळ्यांवर चढतात आणि फुलं पानांखाली गुदमरतात. म्हणून कापायची. ऐन थंडीत फुलणारं हेलेबोर लावणाऱ्याला हिवाळ्यात दयामाया परवडत नाही.

गुडघ्यांखाली पोतं, हातात कात्री. दुपारी तीनलाच उजेड उतरायला लागला. सगळी बाग मधाच्या बाटलीतून बघावी तशी दिसत होती — कुंपण, सफरचंदाचं झाड, क्लेमची पाठ. मी मुद्दामच हळू कापत राहिले.

क्लेमने पाल्याचा ढीग करून पेटवायला घेतला. ओला पाला, पेटेना. म्हणाला, "तुझ्या या फुलांना धड जळताही येत नाही."

१० डिसेंबर

पाठ धरली. दिवसभर नुसती पाठ.

१३ डिसेंबर

खुराड्यामागच्या वाफ्यात आज वाकून वाकून पाहिलं. कळ्या आल्यात! जमिनीलगत, नखाएवढ्या, माना खाली घातलेल्या. माझ्या स्वतःच्या संकरातली ही रोपं, आणि हा त्यांचा तिसरा हिवाळा. म्हणजे यंदा पहिल्यांदा फुलणार.

किती खटाटोप केला होता तेव्हा. कळी उमलायच्या आधीच चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचा पराग बोटाच्या टोकाने लावायचा, आणि देठाला लोकरीचा लाल धागा बांधायचा म्हणजे कुठली कळी ते विसरायला नको. जरा उशीर झाला की थंडीतली ती जाड भुंगी आधी पोचते आणि आपलं काम स्वतःच्या मनाने करून जाते. मग मे महिन्यात शेंगा फुगल्या की त्यांना जुन्या मोज्यांचे तुकडे बांधायचे, नाहीतर बी मातीत सांडतं. ते लगेच पेरायचं. वाळलं की मेलं. त्या मेमध्ये आमच्या दोघांचा मिळून मोज्यांचा एकही जोड शाबूत राहिला नव्हता.

हे सगळं पिवळ्यासाठी. हिरवट पिवळं नव्हे, मळकं नव्हे. ठिपक्यांशिवायचं, स्वच्छ पिवळं. लोकांकडे आहेत, नाही असं नाही. मला माझं हवं होतं.

आणि खरं लिहायचं तर ते क्लेमसाठी होतं. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी त्याला आईच्या बागेतली जांभळी हेलेबोर दाखवली. हौसेने एकेकीची मान वर करून दाखवली. तो म्हणाला, "मुक्या मारासारखा रंग आहे. असलं फूल कशाला लावायचं?" बाकी कुणी बोललं असतं तर मी विसरले असते. पण हा माणूस खोटं बोलत नाही. लग्नाच्या जेवणात माझ्या आईला हॅम खारट झालंय म्हणून सांगणारा हा माणूस. पाद्र्यांना प्रवचन लांबलं असं दारातच सांगतो. माझ्या फुलांबद्दल चाळीस वर्षांत एक चांगला शब्द नाही. गुलाब बरे, हेलेबोर नाही. विचारलं तर खरं सांगतो, म्हणून मी विचारायचं सोडलं. आणि पेरत राहिले.

१८ डिसेंबर

हॉस्पिटलचा फोन. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मार्चच्या सुरुवातीला काढणार. डावा नंतर कधीतरी. मी म्हटलं, मार्च चालेल — फेब्रुवारीत मला वेळ नाही! फोनवरची बाई हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

खरं तर मला डोळ्यांचा एवढा त्रास नाही. वाचायला दिवा जवळ लागतो एवढंच. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मोठाली सोनेरी कडी दिसतात. सुरेख दिसतात. ती जाणार म्हणून उलट जरा वाईटच वाटतंय.

२६ डिसेंबर

काल जेवायला शेजारची ऑल्वेन होती. यंदा तिने पुडिंग आणलं. ती म्हणाली, किती दिवसांत तुमच्याकडे रात्रीचं कुणी दिसलं नाही, गावच्या हॉलमध्येही येत नाही तुम्ही. क्लेम म्हणाला, हल्ली समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फार भगभगीत झालेत, तो अंधारात गाडी काढत नाही. आयुष्यभर पहाटेच्या काळोखात दुधाचा टँकर हाकणारा माणूस! मी म्हटलं, आळस म्हण की सरळ. पुडिंग कोरडं आहे, असंही त्याने तिला सांगितलं. ऑल्वेनला सवय आहे.

७ जानेवारी

धुकं. खुराडंसुद्धा दिसत नव्हतं, फक्त कोंबड्यांचा आवाज. मी तशीच वाफ्यापर्यंत गेले आणि उभी राहिले. कशासाठी, माहीत नाही. पायाखाली त्या होत्या, एवढं पुरे होतं.

१५ जानेवारी

उंदरांनी तीन कळ्या खाल्ल्या. तीन! नेमक्या जाड जाड. मांजर पाळू या म्हटलं की क्लेम कोंबड्यांचं कारण सांगतो. मी त्याला म्हटलं, उंदीर तुझ्या कोंबड्यांच्या दाण्यावर येतात, आणि तोंडी लावायला माझ्या कळ्या खातात. तो दाण्याचा डबा झाकायला गेला. खरं असेल तर तो वाद घालत नाही, एवढं आहे.

२३ जानेवारी

कडाक्याचं दहिवर. सकाळी जुनी झाडं सगळी आडवी. देठ जमिनीला टेकलेले, फुलं काचेसारखी. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, मेली. मी दरवर्षी बघते तरी क्षणभर तसंच म्हणते. मग चहाचा कप घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं आणि वाट बघायची. ऊन अकराच्या सुमारास कुंपणावरून आत येतं. एकेक देठ हलतो. कुणी हात लावत नाही, वारा नाही, आणि एकेक उठायला लागतं. दुपारपर्यंत सगळ्या उभ्या. मी चहा प्यायचा विसरले. याला काय म्हणावं? मला शब्द नाहीत, आणि असते तरी क्लेमला ऐकवून उपयोग नव्हता.

३० जानेवारी

वाफ्यातलं पहिलं फूल उघडलं. जांभळं. मुक्या माराचा रंग! मीच हसले.

२ फेब्रुवारी

दुसरं गुलाबी, ठिपक्यांचं. बरं आहे. कुणालातरी देईन.

कडेच्या रोपाची कळी अजून मिटलेली. पण शिवणीतून रंग दिसतोय. मी सांगत नाही. लिहीतही नाही.

६ फेब्रुवारी

पिवळं.

सकाळी गेले तेव्हा अर्धवट उघडलेलं होतं. पोतं घ्यायचं विसरले, तशीच ओल्यात गुडघे टेकले, बोटाने हनुवटी वर केली. आत एकही ठिपका नाही. पाकळ्या गोल, एकमेकींवर चढलेल्या. आणि रंग — ताज्या लोण्याचा. कस्टर्डचा. हिरव्याचा मागमूस नाही. मी किती वेळ तशी होते कोण जाणे. स्कर्ट चिंब झाला.

मग क्लेमला हाक मारली. तो अंड्यांची बादली घेऊन आला. मी काही बोलले नाही. काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, असं ठरवलंच होतं. त्याने बादली खाली ठेवली. वाकला. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःहून हेलेबोरची मान बोटाने वर केली — त्याच्या त्या जाडजूड बोटाने. बघत राहिला. 

"पिवळं आहे," तो म्हणाला.

त्याने मान सोडली, पुन्हा वर केली.

"हे चांगलं आहे, हेस्टर."

बादली उचलून गेला. मी तिथेच बसून रडले. म्हातारी बाई, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, चिखलात! कुणी पाहिलं नाही, बरं झालं.

७ फेब्रुवारी

हे चांगलं आहे.

९ फेब्रुवारी

मिस्टर ट्रँटरना फोन केला. टेकडीपलीकडे त्यांची रोपवाटिका आहे, हेलेबोरमध्ये त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी एखादं झाड घेतलं, वाढवलं, तर त्याला नाव मिळतं आणि ते लोकांच्या बागांत जातं. मी म्हटलं, स्वच्छ पिवळं आलंय. ते म्हणाले, बागेच्या दिवशी येतो — दर फेब्रुवारीत एक दिवस आमची बाग सगळ्यांना बघायला खुली असते.

नाव मी ठरवलंय. 'क्लेमेंट प्रॉसर'. लोक फुलांना आपल्या बायकांची नावं देतात, सरदारांची, राण्यांची देतात. मी दुधाच्या टँकरवाल्याचं देणार! त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, मी कोंबड्यांनाही नावं देत नाही.

१४ फेब्रुवारी

रोज सकाळी आधी तिथे जाते. आता पाच फुलं. क्लेमही जातो, मला कळू न देता. चिखलात त्याच्या बुटांचे ठसे दिसतात. खुराड्याकडे जाणाऱ्या वाटेपासून चांगलेच बाजूला.

झोपाळू, सावकाश दिवस. दुपारी खिडकीशी बसले की ऊन भिंतीवरून सरकत जातं आणि सगळी खोली चहाच्या रंगाची होते. न्हाणीघराला रंग द्यायला हवा खरं तर, भिंती पार कळकट झाल्यात. पण उठवत नाही. मी इतकी सुखात कधी होते, आठवत नाही.

२२ फेब्रुवारी

काल बागेचा दिवस. आज लिहितेय, कारण काल लिहवलं नाही. रागाने.

सकाळी सगळं छान. फाटक उघडं ठेवलं, ऑल्वेनने केक आणि स्कोन गॅरेजमधल्या टेबलावर मांडले. मोठ्या काचेच्या थाळीत पाणी भरून मी प्रत्येक झाडाचं एकेक फूल तरंगत ठेवलं — पाण्यात ठेवली की बिचाऱ्यांना वर बघावंच लागतं. पिवळं तेवढं तोडलं नाही. लोक आले, हळूहळू फिरले. आमच्याकडचे लोक दुसऱ्याच्या बागेत आवाज चढवत नाहीत आणि खोट काढत नाहीत. तुमच्या डोळ्यांदेखत तण माजलेलं असलं तरी म्हणतील, किती मोकळंढाकळं वाटतं नाही? हे मला माहीत आहे. मीही तेच करते.

पिवळ्यापाशी सगळे थांबत होते. "काय नाजूक आहे!" "किती मऊ रंग!" ऑल्वेन म्हणाली, "हेस्टर, अगदी तुझ्यासारखं फूल आहे गं." मी तरंगत होते.

मग मिस्टर ट्रँटर आले. उंच माणूस, वाकायला वेळ लागला. मान वर केली, आत पाहिलं, मागून पाहिलं. बराच वेळ. मग मला विचारलं, "तुम्ही या रंगाला काय म्हणता, मिसेस प्रॉसर?"

"पिवळा," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुलाकडे. आकार अप्रतिम आहे म्हणाले. रंग कसा पहिल्या वर्षी बसत नाही, घाई नको, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. असं बरंच गुळगुळीत. ताकास तूर लागू देईनात. माझा चेहरा पडला असणार, कारण क्लेम कुठूनसा आला. किटली हातात, एप्रन बांधलेला.

"ते पिवळं आहे," तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला. "तुम्हाला दिसत नाही का?"

 लोक आपापल्या कपात बघायला लागले. मिस्टर ट्रँटर लालेलाल. ऑल्वेन धावत आली आणि त्यांना केकचा तुकडा देत गॅरेजकडे घेऊन गेली. ते निघून गेले तेव्हा मला भेटलेही नाहीत.

मला माहीत आहे काय ते. त्यांची स्वतःची पिवळी आहेत, हिरवट पिवळी. माझं बघून पोटात दुखलं! एवढा मोठा माणूस आणि एवढुसं मन.

पण क्लेम. किटली हातात घेऊन. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्या फुलासाठी कुणाशी भांडेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी वेड्यात काढलं असतं.

४ मार्च

डोळा झाला. जागीच होते मी सगळा वेळ. दुखलं नाही. वर दिवे, आणि दिवे पाण्याखालून बघितल्यासारखे हलत होते — गुलाबी, मग निळे, मग एक लांबलचक पांढरा. एका परिचारिकेने माझा हात धरला होता. मला वाटलं, असंच चालू राहिलं तरी चालेल. मग संपलं. डोळ्यावर झाकण. ऑल्वेनने घरी सोडलं.

५ मार्च

झाकण काढलं.

निळा! स्वयंपाकघरातलं कपाट निळं आहे! मी गेली किती वर्षं ते राखाडी समजून पुसत होते. न्हाणीघर पांढरंशुभ्र. रंग कसला द्यायचा, काल दिला असावा असं. आभाळाकडे तर बघवत नाही. आणि धूळ — देवा! सगळीकडे धूळ, कोपऱ्यांत जाळी, माझ्या हातांवर एवढे डाग. आरशात आई होती.

क्लेम चहा घेऊन आला. त्याचे केस पांढरे आहेत. पिवळसर नाही, करडे नाही, पांढरे. हा म्हातारा कधी झाला? मी त्याच्याकडे इतकी बघत राहिले की तो म्हणाला, काय सांडलंय का माझ्या अंगावर?

उजवा मिटला की सगळं पुन्हा चहाच्या रंगाचं, जुनं. डावा मिटला की हे नवं, धारदार. दिवसभर तोच खेळ. थेंब घालायचे, वाकायचं नाही, बागेत जायचं नाही. आठवडाभर.

७ मार्च

बागेत जाता येत नाही म्हणून मी कुरकुरत होते. क्लेम बाहेर गेला आणि बशीत पाणी घालून एक फूल घेऊन आला. माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

पांढरं फूल. दुधी म्हणा फार तर.

मी म्हटलं, अरे, हे कुठलं आणलंस? मला पिवळं हवं होतं.

"हेच ते."

मी म्हटलं, नाही, चुकून दुसऱ्याचं तोडलंस. तो म्हणाला, खुराड्यामागचं, कडेचं, तिथे दुसरं पांढरं नाहीच मुळी. आणि हे पांढरं कसलं?

"पिवळंच आहे हे, हेस्टर." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. पापणी लवली नाही.

तो कोंबड्यांकडे गेल्यावर मी वाकायचं नाही तरी गेले. कडेच्या रोपाचा एक देठ नुकताच तोडलेला, रस ओला. उरलेली फुलं पांढरी. बोटाने एकेकीची मान वर केली. पांढरी. उजवा डोळा मिटला — पिवळी. लोण्याची, कस्टर्डची, सहा फेब्रुवारीची. डावा मिटला — पांढरी. पिवळी. पांढरी. पिवळी.

मग त्या रोपाची आई पाहिली, जुन्या वाफ्यातली, सगळ्यांत पिवळी म्हणून मी जी निवडली होती. तीही दुधी. म्हणजे पराग लावणाऱ्या पहिल्या बोटापासून. तेव्हापासूनच माझ्या डोळ्यात हे साचत होतं आणि मी पिवळं म्हणून पांढऱ्यावर पांढरं चढवत गेले.

आत आले. बशीतलं फूल तसंच तरंगत होतं.

८ मार्च

ऑल्वेनला विचारलं. स्पष्टच. आधी ती केकबद्दल बोलायला लागली. मग म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल गं. पांढरंच आहे ते. गोड आहे, पण पांढरं. कोण सांगणार तुला? आणि क्लेमच इतकं ठासून म्हणतो पिवळं, आम्हाला वाटलं तुम्हा दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे."

म्हणजे मिस्टर ट्रँटर बिचारे सभ्य माणूस! मी त्यांना काय काय म्हटलं.

आणि सगळ्यांना दिसत होतं. सगळ्यांना. सगळ्यांच्या आधी त्याला.

९ मार्च

लिहवत नाही. पण लिहिते, दुसरीकडे कुठे बोलू?

मला पांढऱ्याचं दुःख नाही. नाही, हे खोटं लिहिलं, दुःख आहे. पण ते जाईल. मला त्या तीन शब्दांचं आहे. 'हे चांगलं आहे.' लग्नाच्या जेवणात हॅमबद्दल खरं सांगणारा माणूस. पाद्र्यांना तोंडावर सांगणारा. मी चाळीस वर्षं त्याच्या तोंडच्या खऱ्याची वाट बघितली, आणि आलं ते खोटं. दया. आंधळ्या म्हातारीला गोंजारणं. आणि परवा, मला दिसायला लागल्यावरसुद्धा, समोर बसून पुन्हा तेच!

त्याला म्हटलं, यापुढे मला ते पिवळं आहे असं सांगू नकोस. तो म्हणाला, "मी कधी खोटं बोललोय का?" मी म्हटलं, एकदा. तो उठून गेला. अंडी मोजायला म्हणे.

१२ मार्च

बोलत नाही आम्ही. चहा ठेवतो, उचलतो. तो बिचारा गोंधळलाय. बिचारा! मी लिहिलं का बिचारा? राहू दे.

१५ मार्च

ऊन छान पडलं होतं. वाकायची बंदी संपली. पोतं घेऊन गेले. उजवा डोळा मिटला आणि बसून राहिले. मोठी भुंगी आली, एकेका फुलात शिरली, परागाने माखून निघाली. तिला काय, पिवळं असो की पांढरं.

बसल्या बसल्या वाटलं — समजा बोलला खोटं. आयुष्यभर ज्याला हॅम गोड म्हणता आलं नाही, त्याने एकदाच, एका फुलासाठी, स्वतःचं तोंड वाकडं करून खोटं सांगितलं. पुन्हा पुन्हा. लोकांसमोर, किटली हातात घेऊन. हे कमी आहे का? कुठल्या बाईला एवढं मिळतं?

पण नाही. मला खरंच हवं होतं. मी काय करू, मला खरंच हवं होतं.

डावा डोळाही करणार आहेत. मग हे जाईल. कुठेच राहणार नाही पिवळं. कुणाकडेच.

१७ मार्च

रात्रीच्या जेवणाला मीच बोलले. बटाटे कच्चे राहिलेत का म्हणून विचारलं. हो म्हणाला. बरं वाटलं.

२० मार्च

गावातल्या चष्म्याच्या दुकानात गेलो, माझा नवा नंबर काढायला. पुढचं गिऱ्हाईक आलं नाही, म्हणून तिथल्या मुलीने क्लेमलाच खुर्चीत बसवलं. तो नको नको म्हणत होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेले. माझ्यापेक्षाही जुने, ती म्हणाली, गेली कित्येक वर्षं असणार. तिने त्याला विचारलं, "सगळं पिवळट दिसत असेल ना, मिस्टर प्रॉसर?"

"नाही," क्लेम म्हणाला. "जे पिवळं आहे तेच."

ती म्हणाली, आजच हॉस्पिटलला कळवते. मी म्हटलं, मे महिन्यात कळव. तोवर फुलं आहेत.